आधी सांगा, लिहिणारे किती?

‘दुकानासाठी डेस्कटॉपवर चालणारं सॉफ्टवेअर करायचंय. डेटाबेस (नोंदी साठवणारी यंत्रणा) कोणता घेऊ, आणि लँग्वेज कोणती?’ महिन्यातून एकदा तरी हा प्रश्न मला येतोच. आता तुम्ही विचारलंत म्हणून आधी एक उलट विचारतो: एका वेळी किती जण नोंदी करणार?

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या आडत दुकानाला मी पट्टीचं, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशेबाचं, सॉफ्टवेअर करून दिलं होतं. एकच कॉम्प्युटर, म्हणून डेटाबेस घेतला एसक्यूलाइट. सगळा हिशेब एका फाइलमध्ये, सर्व्हरची भानगड नाही. मालक रात्री दुकान बंद करताना तीच फाइल पेनड्राइव्हवर घेऊन घरी जायचे. दोन वर्षं सुरळीत गेली. मग हंगामात दुसरा काउंटर आला. मी ती फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवली आणि दोन्ही मशीन तिलाच जोडल्या.

एसक्यूलाइट एका वेळी एकालाच लिहू देतं, आणि त्यासाठी फाइलला लागणाऱ्या कुलपावर (एक लिहीत असताना दुसऱ्याला थांबवणाऱ्या सोयीवर) विसंबतं. नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये ते कुलूप नीट लागेलच याचा भरवसा नसतो. एसक्यूलाइटवाल्यांनी स्वतःच हा इशारा लिहून ठेवलाय. मी तो वाचला नव्हता. एका दुपारी, ऐन सौद्यांच्या वेळी, फाइल उघडेना. शेतकरी पट्टीसाठी ताटकळत उभे, आणि मुनीमजी घाईघाईने कागदावर हमाली-तोलाई वजा करत बसलेले. आदल्या रात्रीचा पेनड्राइव्ह होता म्हणून निभावलं.

तेव्हा, मशीन एकच राहणार असेल तर बिनधास्त एसक्यूलाइट घ्या. दुसरं येण्याची शक्यता जरी असली तरी पहिल्यापासून पोस्टग्रेस, म्हणजे एका वेळी अनेकांना लिहू देणारा सर्व्हरवरचा डेटाबेस. ते फुकट आहे आणि दुकानातल्याच एका पीसीवर चालतं. मायक्रोसॉफ्टचा तसाच फुकट डेटाबेस, एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसही चालेल. २०२२ च्या आवृत्तीपर्यंत त्याला दर डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे, पण आडतीच्या हिशेबाला तेवढी जागा पुरून उरते.

पैशांचं मात्र जपा. ०.१ आणि ०.२ फ्लोटमध्ये (अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात) मिळवले की उत्तर ०.३ च्या किंचित पुढे जातं. अशा चुकांमुळे रोजमेळात कधीतरी पैसा-दोन पैसे जुळत नाहीत, आणि मुनीमजी ते चालवून घेत नाहीत, घेऊही नयेत. पोस्टग्रेसमध्ये न्यूमेरिक हा अचूक दशांश ठेवणारा प्रकार आहे. एसक्यूलाइटमध्ये तसा प्रकार नाही, तिथे रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवा.

लँग्वेजला मी एवढं महत्त्व देत नाही. विंडोजवरच्या दुकानासाठी मी सी शार्प सांगतो, कारण त्यात डेसिमल हा तसाच अचूक प्रकार आहे आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरशी त्याचं जमतं. मला स्वतःला लाझारस (पास्कल लँग्वेजमध्ये प्रोग्रॅम करायचं साधन) फार आवडतं. पण ३१ मार्चला मी आजारी पडलो तर सांगलीत तो कोड उघडणारं दुसरं कोण? तुमच्या गावात आणखी कुणाला तरी येते ती लँग्वेज घ्या.

गेल्या वर्षी एका गृहस्थांनी वडिलांच्या काळातल्या फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसच्या फाइल आणल्या. फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ ची, मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट २०१५ मध्ये थांबवला. तरी आकडे पायथन या लँग्वेजने दहा मिनिटांत वाचले. अडलं ते नावांपाशी. ती जुन्या मराठी फॉन्टात टाइप केलेली, म्हणजे फाइलमध्ये नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गुंता. कोणत्या चिन्हाचा ‘ळ’ आणि कोणत्याचा रफार, हे जुळवण्यात तीन आठवडे गेले. तुमच्या शेतकऱ्यांची नावं पहिल्या नोंदीपासून युनिकोडमध्येच, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीतच, ठेवा.