पामिर महामार्ग : उंचीची भीती सोडा, आधी गाडीचं बघा

पामिरला जायचं म्हटलं की जो तो एकच भीती घालतो, उंचीची. अक-बैताल खिंड ४,६५५ मीटर, तिथे डोकं धरतं, श्वास लागतो, गोळ्या घ्या, लसूण खा. आम्ही तिघांनीही तेच ऐकलं, तीच तयारी केली. प्रत्यक्षात अक-बैतालवर उतरलो, फोटो काढले, चिक्की खाल्ली आणि पुढे निघालो. हाडं खिळखिळी झाली ती तिथून शेकडो किलोमीटर अलीकडे, दीड-दोन हजार मीटर उंचीवर, पंज नदीच्या काठी. आणि खिसा कापला गेला तो त्याच्याही आधी, दुशान्बेच्या टॅक्सी तळावर. या दोन गोष्टींबद्दल कोणी धड सांगत नाही, म्हणून लिहायला बसलो.

ताजिकिस्तानची राजधानी दुशान्बे ते किर्गिझस्तानमधलं ओश, हा एम-४१ म्हणजे पामिर महामार्ग. त्यातला मोठा भाग गोर्नो-बदख्शान या स्वायत्त प्रांतातून जातो. देशाचा जवळपास निम्मा भूभाग या प्रांताचा, वस्ती मात्र नावाला. त्यामुळे बस वगैरे विसरा. दुशान्बेहून खोरोगला, म्हणजे या प्रांताच्या मुख्य शहराला, शेअर जीप जातात, त्याही भरल्याशिवाय हलत नाहीत. सकाळी सहाला या म्हणाले, आम्ही साडेपाचला हजर. निघालो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

इथला हिशेब नीट समजून घ्या. भाव सीटचा असतो. पुढची सीट महाग, मधली रांग ठीक, मागची तिसरी रांग म्हणजे सामानात खोचलेला माणूस. परदेशी दिसला की त्याला तिसऱ्या रांगेत घालायचं आणि पैसे पुढच्या सीटचे मागायचे, हा सरळ धंदा आहे. आमच्याकडून आधी ठरल्याप्रमाणे पैसे घेतले, मग वाटेत जेवायला थांबल्यावर बॅगांचे वेगळे मागितले. आम्ही नाही म्हटलं तर चालक शांतपणे चहा पीत बसून राहिला. बाकीचे प्रवासी आमच्याकडे बघायला लागले. शेवटी निम्म्यावर तोडलं. तेव्हा सीट कोणती, बॅगा किती, कुठपर्यंत, एकूण किती सोमोनी (हे इथलं चलन), हे कागदावर आकड्यांत लिहून घ्या आणि अर्धेच पैसे आधी द्या. चौघं असाल तर अख्खी गाडीच करा. महाग पडेल, पण त्यानंतर थांबायचं कुठे हे तुम्ही ठरवाल, आणि त्याचं मोल पुढच्या रस्त्यावर कळेल.

तो रस्ता म्हणजे कलाइखुम ते रुशान. दुशान्बेहून कुलोबमार्गे कलाइखुमपर्यंत काही तक्रार नाही, बराचसा डांबरी रस्ता आहे. दुसरी वाट ताविलदरावरून ३,२५२ मीटरच्या खिंडीतून येते, ती फक्त उन्हाळ्यात. पण कुठूनही आलात तरी दोन्ही वाटा कलाइखुमलाच मिळतात आणि पुढे सुटका नाही. डावीकडे कडा, उजवीकडे पंज नदी, नदीपलीकडे अफगाणिस्तान. चिनी कंत्राटदार इथे नवा रस्ता आणि बोगदे करताहेत. त्यासाठी जुना रस्ता उकरून ठेवलाय. सुरुंग लावायचे असले की वाहतूक बंद. ती कधी उघडेल ते तिथला पिवळ्या टोपीतला माणूसही सांगू शकत नाही. आमची गाडी दोनदा अशी अडकली, दुसऱ्यांदा अंधार पडेपर्यंत. मग रात्री तोच रस्ता. धुळीत पुढच्या ट्रकचे दिवेसुद्धा दिसत नव्हते, आम्ही सुपातल्या दाण्यांसारखे उडत होतो आणि चालक एका हाताने सूर्यफुलाच्या बिया सोलत होता.

इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. म्हणजे खोरोगकडे जाताना गाडी नदीच्या कडेने जाते. उजव्या खिडकीतून अफगाण गावं, शेतं, पाऊलवाटेने जाणारी मोटारसायकल असं सगळं अगदी समोर दिसतं. ज्याला खोलीची भीती आहे त्याने मात्र डावीकडे बसावं. सैनिक, चौक्या, पूल यांचे फोटो काढू नका. कॅमेरा तपासतात.

माझं स्पष्ट मत : दुशान्बे ते खोरोग एका दमात करू नका. चालक ‘चौदा तास’ म्हणतो ते खोटं आहे. कलाइखुमला मुक्काम करा आणि पहाटे निघा. पण एक मेख आहे. सुटी सीट घेऊन कलाइखुमला उतरलात तर दुसऱ्या दिवशी तिथे येणाऱ्या गाड्या दुशान्बेहूनच भरून आलेल्या असतात, हात दाखवत उभे राहाल. म्हणून पुन्हा सांगतो, अख्खी गाडी, आणि मुक्कामाचं आधीच ठरवलेलं.

आणखी एक. नोव्हेंबर २०२५ मध्ये नदीपलीकडून झालेल्या हल्ल्यांत या सीमेवर काही चिनी कामगार मारले गेले. आम्ही गेलो तेव्हा तसं काही नव्हतं, पण निघायच्या आठवड्यात बातम्या बघा. प्रांताचा परवाना लागतो, तो ई-व्हिसाच्या अर्जातच मागून घ्यायचा. २०२२ मध्ये खोरोगला गडबड झाली तेव्हा हे परवाने बंद केले होते, तेव्हा विमानाचं तिकीट परवाना हातात पडल्यावरच काढा. पासपोर्ट, व्हिसा आणि परवान्याच्या भरपूर झेरॉक्स बरोबर ठेवा. प्रत्येक चौकीवर वहीत नावं लिहून घेतात, झेरॉक्स दिली की दहा मिनिटं वाचतात.

खोरोग छान आहे. दोन दिवस झोपा.

आता दुसरा पैशाचा विषय, वाखान, म्हणजे खोरोगच्या दक्षिणेला अफगाण सीमेलगतचं खोरं. खोरोगहून इश्काशिम आणि पुढे लंगरपर्यंत स्थानिक गाड्या अधूनमधून जातात. लंगरच्या पुढे, खारगुश खिंडीतून अलिचुरकडे, काहीही जात नाही. ही गोष्ट लंगरमधल्या प्रत्येक गाडीवाल्याला ठाऊक आहे. तिथे आम्हाला भाव सांगितला किलोमीटरला एक डॉलर, वर रिकाम्या परतीचे किलोमीटरही आमच्याच माथी. तेच खोरोगमध्ये, गाडी शोधणारे आणखी प्रवासी गाठून, सगळा फेरा एकदम ठरवला असता तर बराच स्वस्त पडतो. परतीच्या वाटेवर भेटलेल्या पोलिश जोडप्याने तसंच केलं होतं. त्यांचा आकडा ऐकून आमच्यातल्या एकाने जेवण सोडलं. ठरवताना चालकाचं जेवण-झोपणं कोणाकडे, डिझेल कोणाचं, वाटेतल्या बुलुनकुल तलावाकडे वळायचं तर जादा किती आणि रिकाम्या परतीचं काय, हे चार प्रश्न विचाराच.

वाखानमधले दिवस सोपे आणि सुंदर होते, त्यामुळे त्यावर सांगण्यासारखं फार नाही. यामचुनचा किल्ला बघा, त्याच्या वरच्या अंगाला बीबी फातिमाचे गरम झरे आहेत, तिथे डुंबा. व्रांगला बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. लंगरच्या वर कातळावर कोरलेली चित्रं आहेत, चढ खडा आहे. सह्याद्रीत नेहमी फिरणाऱ्याला त्याचं काही वाटणार नाही, चपलेत मात्र जाऊ नका.

उंचीबद्दल एवढंच. दुशान्बेकडून आलात तर शरीर आपोआप सरावतं : खोरोग २,१०० च्या आसपास, लंगर २,८०० च्या पुढे, मग मुरगाब ३,६०० च्या वर, म्हणजे लेहपेक्षा थोडं उंच. ओशकडून आलात तर हजार मीटरवरून थेट ३,९०० मीटरच्या कराकुलला पोचायचा मोह होतो. तिथेच लोक आजारी पडतात. तसे जाणार असाल तर वाटेत सारी-ताशला रात्र काढा.

खारगुश ओलांडून पठारावर आलो आणि इतके दिवस साचलेला वैताग निघून गेला. रस्ता सरळ, आभाळ मोठं, तासन् तास एक गाडी नाही. मुरगाबच्या पुढे उजव्या हाताला चीनच्या हद्दीचं कुंपण लागतं. कराकुल सरोवर उल्कापाताने झालेल्या विवरात आहे, पाणी खारं, रंग कसा ते सांगण्याच्या फंदात पडत नाही. लोक म्हणतात मुरगाब उजाड आहे, तासभर थांबून पुढे जा. ऐकू नका. कंटेनरांत भरलेला बाजार बघा, किर्गिझ टोप्या घातलेल्या म्हाताऱ्यांच्या शेजारी बसून चहा प्या. कराकुलला एक रात्र काढायचीच, वारा कितीही असो. (हे लिहिताना मला अजून ते पठार दिसतंय, तेव्हा सर्दीने बेजार झालेल्या आमच्या मित्राचं मत वेगळं असू शकतं.) मुरगाबमध्ये पुष्कळ लोक घड्याळ किर्गिझस्तानच्या वेळेवर ठेवतात, दुशान्बेच्या तासभर पुढे. गाडीची वेळ ठरवताना कोणत्या घड्याळाने ते विचारा.

पैसे रोख न्या. एका डॉलरला साधारण दहा सोमोनी. डॉलर नवे, न दुमडलेले. जरा फाटलेली नोट कोणी घेत नाही. एटीएमच्या भरवशावर खोरोगच्या पुढे जाऊ नका. घरगुती मुक्कामाला रात्रीचं जेवण आणि नाश्ता धरून माणशी पंधरा ते वीस डॉलर, आणि इथे मात्र कोणी फसवलं नाही. उलट खाल्लेल्या रोट्या मोजल्याच नाहीत.

शाकाहारी असाल तर अवघड आहे, अशक्य नाही. ‘बे-गूश्त’ म्हणजे मांसाशिवाय, हे पाठ करा. तरी रश्श्यातून मांसाचे तुकडे काढून तोच रस्सा समोर ठेवतील. बटाटे, अंडी, रोटी, दही, आणि सकाळी शीरचाय : दूध घातलेला खारट चहा, त्यात लोणी आणि रोटीचे तुकडे. पहिल्या दिवशी तोंड वाकडं होतं, तिसऱ्या दिवशी दुसरी वाटी मागतो. मेतकूट आणि लसणाची चटणी न्याच.

आम्ही गणपती उरकून निघालो, तो काळ उत्तम. ओढ्यांचं पाणी उतरलेलं, डास गेलेले. मुरगाबला रात्री पाणी गोठतं, जाड स्लीपिंग बॅग घ्या. घरांत वीज क्षीण असते, मोठी पॉवर बँक हवी.

परतायचं कसं? आम्हाला कराकुलहून मागे फिरून तोच कलाइखुमचा रस्ता पुन्हा खावा लागला. जमलं तर तुम्ही ओशला निघून जा. किझिल-आर्त खिंडीतली हद्द २०२१ च्या चकमकींनंतर बंद झाली होती. मार्च २०२५ मध्ये दोन्ही देशांचा सीमाकरार झाला. पण किर्गिझस्तानचा ई-व्हिसा ठरावीक नाक्यांवरच चालतो, तेव्हा बोर-डोबो ही किर्गिझ बाजूची चौकी त्या यादीत आहे का ते अर्ज भरताना बघा. दोन चौक्यांमध्ये वीसेक किलोमीटर ओसाड टापू आहे आणि तिथे गाडी मिळत नाही. मुरगाबची गाडी पलीकडच्या चौकीपर्यंत सोडणार की अलीकडेच उतरवणार, आणि पुढची गाडी कोण पाठवणार, हे मुरगाब सोडण्याआधी फोनवर दोन्हीकडून वदवून घ्या.