लिमिटेशन

स्मरणिकेसाठी बाकीचे मित्र मैदानावर आणि गॅदरिंगवर लिहिणार, हे नक्की. मी इंग्रजीच्या तासाबद्दल लिहितो, कारण तालुक्याच्या कोर्टात तोच रोज उपयोगी पडतो.

आठवीत सरांनी फळ्यावर लिमिट, रिस्ट्रिक्शन आणि लिमिटेशन हे तीन शब्द लिहिले. आम्ही तिन्हींपुढे ‘मर्यादा’ लिहून मोकळे. सर म्हणाले, "गावची शीव ही लिमिट. रिस्ट्रिक्शन कुणीतरी घालावं लागतं आणि त्याच्यापुढे ‘ऑन’ येतं. लिमिटेशनला ‘एस’ लागला की ते तुमचं उणेपण. तुमच्याकडे भरपूर आहेत!"

पुढे लॉ कॉलेजात घटनेचं १९वं कलम आलं. भाषणस्वातंत्र्यावरच्या रिस्ट्रिक्शन्सना ‘रीझनेबल’ हे विशेषण १९५१च्या पहिल्या घटनादुरुस्तीने लागलं. हे निर्बंध सरकार घालणार, तेही ‘ऑन’ लावून. म्हणजे सरांचा नियम तिथे बिनचूक बसला. १९६३च्या लिमिटेशन ॲक्टपाशी मात्र तो अडला. इथे लिमिटेशन म्हणजे मुदत, ‘एस’ नाहीच. हातउसने पैसे वसूल करायचे तर दिल्यापासून तीन वर्षांत दावा लावायचा. समोरच्या वकिलाने मुदतीचा मुद्दा काढला नाही, तरी कोर्टाला मुदतबाह्य दावा फेटाळावाच लागतो. अपिलाला उशीर झाला तर विलंबमाफीचा अर्ज देता येतो, मूळ दाव्याला ती सोय नाही. पक्षकारांना हे पटवताना माझा घसा बसतो.

निवृत्तीनंतर एकदा सर ऑफिसात आले. पिशवीतून चिठ्ठी काढली. एका नातलगाला दिलेले हातउसने, चार वर्षं उलटलेली.

"सर, लिमिटेशन."

"कुणाचं रे? माझं की त्याचं?"

"दाव्याचं, सर."

"म्हणजे पैसे बुडाले?"

बुडाले नव्हते. मुदत गेली की कोर्टातून वसुली होत नाही, पण देणं उरतंच. करार कायद्याच्या कलम २५प्रमाणे देणेकऱ्याने ते फेडण्याचं नव्याने लेखी वचन देऊन सही केली, तर त्या वचनावर दावा लावता येतो. सरांना हे सांगितलं. आठवड्याभरात ते कागद घेऊन हजर. नातलगाने इंग्रजीत लिहून दिला होता आणि सरांनी त्यातली स्पेलिंगं लाल शाईने सुधारली होती.

मी तो परत पाठवला. सहीनंतरची खाडाखोड दस्तात चालत नाही, सर.