गव्हर्नर अखेर ताळ्यावर आला: दोष स्पिंडलमध्ये निघाला

मागच्या वेळी लिहिलं तेव्हा माझं वाफेचं इंजिन मिनिटाला १६५ आणि १९५ फेऱ्यांच्या मध्ये झोके घेत होतं आणि मी त्याच्या गव्हर्नरला, म्हणजे फिरत्या गोळ्यांनी वाफ कमी-जास्त करून वेग सांभाळणाऱ्या यंत्राला, डॅशपॉट (झटके शोषणारा तेलाचा पिस्टन) बसवायच्या तयारीत होतो. आज लेथवर कट चालू असताना ते १७८ ते १८२ मध्ये राहतंय. डॅशपॉट लागलाच नाही. एवढे आठवडे ज्यानं डोकं खाल्लं तो दोष सापडला, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. ज्यांच्याकडे गोळ्यांचा गव्हर्नर आहे त्यांना उपयोग होईल.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी एवढंच: शेड सांगली जिल्ह्यात पलूसजवळ. आडवं, एका सिलिंडरचं इंजिन, ५ इंच बोअर, ८ इंच स्ट्रोक, बॉयलरवर ६ किलो दाब. सरासरी ३५ पौंड दाब धरला तर १८० फेऱ्यांना पाचेक हॉर्सपॉवर निघते. इंजिनची ३० इंची पुली लाइनशाफ्टच्या (पट्ट्यांनी सगळी यंत्रं फिरवणारा लांब दांडा) २४ इंचीवर, म्हणजे लाइनशाफ्ट २२५ वर. त्यावर कोन पुलीचा लेथ, बटाल्याचा १८ इंची शेपर (सपाट पृष्ठभाग तासणारं यंत्र), एक पिलर ड्रिल आणि ग्राइंडर.

झोक्यांचा त्रास कसा दिसायचा ते आधी सांगतो. लेथवर माइल्ड स्टीलचा शाफ्ट लावला की फिनिशमध्ये पट्टे पडायचे, थोडा भाग चकचकीत, पुढचा भाग खरबरीत, परत चकचकीत. फीड, म्हणजे टूलचं सरकणं, गिअरमधून लेथच्या स्पिंडललाच बांधलेली असते, त्यामुळे वेग बदलला तरी फेरीमागे टूल सरकतं तेवढंच. बदलतो तो कटिंग स्पीड. वेग पडला की एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलच्या धारेवर स्टील चिकटतं, पृष्ठभाग ओरबाडला जातो, आणि वेग चढला की धार साफ होते. माझ्या शाफ्टवर इंजिनचा प्रत्येक झोका असा छापून यायचा.

पहिला संशय पाण्यावर. वाफेबरोबर पाणी येत असेल तर इंजिन दम खातं, म्हणून स्टॉप व्हॉल्व्हच्या आधी सेपरेटर बसवला आणि त्याला ड्रेन काढला. सिलिंडरचे ड्रेन कॉक कोरडे झाले, सुरुवातीचा ठोकाही गेला, पण झोके तसेच. सेपरेटर मात्र काढणार नाही, ते काम चांगलं झालंय.

दुसरा संशय गव्हर्नर फिरवणाऱ्या पट्ट्यावर. त्याला लोखंडी क्लिपांचा जोड होता आणि जोड पुलीवरून जाताना दर वेळी गोळे टिचकन उडायचे. क्लिपा काढल्या, दोन्ही टोकं तासून तिरका जोड चिकटवला. टिचकी गेली. माझं ठाम मत झालंय की गव्हर्नरच्या पट्ट्याला क्लिप लावूच नये, मोठ्या पट्ट्याला चालते. तसंच चामड्याच्या पट्ट्यावर राळ चोपडणंही बंद करा. राळेनं आज पकड येते, पण महिन्याभरात पट्टा काचेसारखा गुळगुळीत आणि कडक होतो. आतल्या बाजूला एरंडेलाचा पातळ हात द्यावा, रात्रभर मुरू द्यावा. आमच्या भागात चांगलं चामडं कोल्हापुरात मिळतं, पण पाठीचं मागून घ्यायचं. पोटाकडचं चामडं ताणतं आणि पट्टा एका बाजूला पळतो.

झोके तरीही होतेच. मग गव्हर्नरची दांडी व्हॉल्व्हपासून सोडवली आणि थ्रॉटल (इंजिनाला वाफ सोडणारा तोच व्हॉल्व्ह) हातानं धरून इंजिन चालवलं. लेथवर तोच कट, इंजिन १८० ला घट्ट, दोन फेऱ्यांपलीकडे हललं नाही. म्हणजे इंजिन, एक्सेंट्रिक, स्लाइड व्हॉल्व्हचं सेटिंग, फ्लायव्हील सगळं निर्दोष. दोष गव्हर्नर आणि थ्रॉटल यांच्यातच.

इथे मी अडकलो, कारण गव्हर्नर हातानं हलवून बघितला तर लोण्यासारखा चालायचा. गोळे वर नेले की स्पिंडल (गोळ्यांची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणारी दांडी) सरकत खाली, सोडले की परत वर. साखर कारखान्याच्या मिल हाउसमध्ये आयुष्य काढलेले एक मामा आहेत, अधूनमधून शेडवर येतात. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "दादा, थंड इंजिनाला हात लावून काय कळणार? गरम असताना बघा. काम ते गरम असतानाच करतंय न्हवं."

त्या दिवशी अर्धा तास इंजिन चालवलं, स्टॉप व्हॉल्व्ह बंद केला आणि गोळे बसताक्षणी दांडीच्या टोकाला स्प्रिंग बॅलन्स अडकवला. सकाळी थंड असताना स्पिंडल हलायला १५० ग्रॅम लागले होते. गरम असताना ९०० ग्रॅम! आकडा बघून मी मामांकडे बघितलं, ते तंबाखू मळत होते.

त्यानंतर कागद-पेन घेऊन बसलो. १८० फेऱ्यांना गोळे दांडीवर साधारण ६ किलोचा जोर लावतात. ९०० ग्रॅम घर्षण म्हणजे त्याच्या १५ टक्के. गोळ्यांचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणून जोर १५ टक्के बदलायला वेग साधारण साडेसात टक्के बदलावा लागतो. १८० च्या साडेसात टक्के म्हणजे तेरा-चौदा फेऱ्या. वेग १६६ पर्यंत पडेपर्यंत स्पिंडल जागचं हलत नाही, मग घर्षण सुटतं, व्हॉल्व्ह एकदम जास्त उघडतो, वेग १९४ पर्यंत जातो आणि तिथे परत तेच. माझ्या टॅकोमीटरवरचे आकडे कागदावर उतरले होते. जेम्स वॅटनं १७८८ मध्ये इंजिनावर हे फिरते गोळे बसवले आणि १८६८ मध्ये शास्त्रज्ञ मॅक्सवेलनं गव्हर्नर स्थिर का राहतो आणि का राहत नाही याचं गणित मांडलं. ते गणित मी पूर्वी वरवर वाचलं होतं. आपल्याच शेडमध्ये ते खरं होताना बघणं फार वेगळं आहे.

आता गरम झाल्यावर घर्षण का वाढतं? स्पिंडल १० मिलिमीटरचं, ३०४ स्टेनलेसचं, आधीच्या मालकानं बदललेलं. ते ज्यात सरकतं तो बुश गनमेटलचा, बिडाच्या बॉनेटमध्ये (व्हॉल्व्हचं झाकण) दाबून बसवलेला. थंड असताना क्लिअरन्स, म्हणजे दोघांमधली फट, १५ मायक्रॉन. ६ किलो दाबाला वाफ साधारण १६५ अंशांची, म्हणजे धातू १४० अंशांनी तापतो. ३०४ तापल्यावर बराच फुगतो, एवढ्या तापमानाला १० मिलिमीटरमागे २४ मायक्रॉन. बीड फक्त १५ च्या आसपास. गनमेटलही फुगतं, पण भोवतालचं बीड त्याला बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे बुशचं भोक बिडाच्याच हिशोबानं वाढतं. नऊ-दहा मायक्रॉन तिथेच गेले. उरलेल्या पाचात सिलिंडर ऑइलचा काळा चिकट थर, आणि वर ग्लँडमध्ये वाफ गळू नये म्हणून ग्राफाइटचं पॅकिंग आवळलेलं.

आधी ठरवलं की जुनंच स्पिंडल एमरीनं उतरवून क्लिअरन्स वाढवायचा. टेलस्टॉकला सेंटर लावून बांधलंही होतं. तेवढ्यात सुचलं की बिडाइतकंच फुगणारं स्टेनलेस मिळालं तर हा प्रश्न मुळातूनच जाईल. ४१० ग्रेड तसा आहे, त्याचं प्रसरण जवळजवळ बिडाएवढंच, आणि गंजायलाही बऱ्यापैकी टिकतो. जुनं स्पिंडल सोडलं आणि ४१० चा बार मागवला. एका दुकानदारानं ४१० म्हणून जे दिलं त्याला चुंबक चिकटेना, म्हणजे माल ४१० चा नव्हताच. परत केला आणि दुसरीकडून आणला. स्टेनलेस घेताना खिशात चुंबक ठेवाच. ४१० ला तो घट्ट चिकटतो आणि ३०४ ला जवळपास नाहीच. पावतीवर काय लिहिलंय त्यापेक्षा हे खात्रीचं.

नवं स्पिंडल बुशमध्ये ३५ मायक्रॉन क्लिअरन्स ठेवून काढलं. त्यावर व्ही टूलनं अर्धा-अर्धा मिलिमीटर खोल खाचा पाडल्या आणि पॅकिंग कायमचं काढून टाकलं. खाचांमध्ये वाफेचं पाणी होऊन अडतं आणि तेच सील बनतं. जुन्या कारखानदारांनी गव्हर्नरच्या स्पिंडलला हे मुद्दाम केलेलं असायचं, कारण आवळलेल्या पॅकिंगइतका गव्हर्नरचा दुसरा शत्रू नाही. बुशच्या वरच्या बाजूला ३ मिलिमीटरचं भोक पाडून तांब्याची नळी खाली ड्रेनमध्ये सोडली. चालू इंजिनात तिथून थेंब-थेंब पाणी येतं, एवढीच गळती.

खाचांची धार काढणं हे सगळ्यात नाजूक काम. टूलनं उठलेला बारीक कडेचा धागा राहिला तर तोच बुशमध्ये घासतो. बारीक ऑइल स्टोन स्पिंडलवर टेकवून, लेथ सगळ्यात हळू गिअरला ठेवून, नखाला काही लागेनासं होईपर्यंत घासलं. मग बुशमध्ये सोडलं. स्पिंडल आपल्या वजनानं, न थांबता, खाली उतरलं.

गरम झाल्यावर बॅलन्सवर १८० ग्रॅम. त्यावरून हिशोब दीड टक्क्याचा, म्हणजे दोन-तीन फेऱ्यांचा, आणि टॅकोमीटरही तेच म्हणतोय. शेपरचा पट्टा लूज पुलीवरून फास्ट पुलीवर घेतला, म्हणजे शेपर चालू केला, की वेग १७२ ला पडतो आणि दोन झोक्यांत परत जागेवर येतो. ३८ मिलिमीटरचा शाफ्ट टोकापासून टोकापर्यंत एकाच कटात काढला, फिनिशमध्ये पट्टा एकही नाही. बोट फिरवलं तर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखं लागतं. हा शाफ्ट नव्या काउंटरशाफ्टला (लाइनशाफ्ट आणि यंत्र यांच्यामधला शाफ्ट) वापरणार आहे.

बॉयलरवर थोडंसं. जाळाला आमचे आण्णा असतात, त्यांनी गुऱ्हाळाच्या चुलवाणावर वर्षानुवर्षं जाळ घातलाय. मी उसाच्या चिपाडावर चालवू म्हणत होतो, कारण आजूबाजूला फुकट पडलेलं. आण्णांनी ऐकलं नाही. "आरं, चिपाड भसाभसा जळतंय, हात थांबला की दाब उतरतोय. बाभळीचं लाकूड घाल, निवांत जळंल." त्यांचंच खरं ठरलं. चिपाडानं दाब अर्ध्या-पाऊण किलोनं खालीवर व्हायचा, बाभळीवर सुई हलत नाही. चिपाड आता फक्त पेटवायला. बोअरच्या पाण्याचा थर ट्यूबांवर फार लवकर धरतो, म्हणून शेडच्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवलंय, पंपानं तेच भरतो. वार्षिक तपासणी जवळ आलीय. १९२३ चा बॉयलर कायदा जाऊन २०२५ चा आला, तरी तपासणीसाठी बॉयलर उघडणं, घासणं आणि प्रमाणपत्राशिवाय वाफ न करणं यात बदल नाही, आणि नसावाच.

पुढचा बेत असा होता की आता ड्रिलचा काउंटरशाफ्ट उभा करायचा. पण हे लिहिता लिहिता एक गोष्ट डोक्यात आली. घर्षण १८० ग्रॅमच्या खाली फारसं जाणार नाही, मग गोळ्यांचा जोरच वाढवला तर? १८५८ च्या पोर्टरच्या गव्हर्नरमध्ये नेमकं हेच आहे. मधल्या दांडीवर जड वजन ठेवायचं आणि गोळे जास्त वेगानं फिरवायचे. माझा गव्हर्नर सध्या २४० ला फिरतो. ५ किलोचं वजन घालून तो ४०० च्या आसपास नेला तर जोर काही पटींनी वाढेल आणि तेवढंच घर्षण त्यापुढे अगदी किरकोळ राहील. शेपरचा पट्टा टाकताना होणारी पडही कमी होईल असं वाटतं. त्यासाठी गव्हर्नरची पुली लहान करावी लागेल आणि बॉनेटवर वजनाला जागा आहे का ते मोजावं लागेल.

म्हणून काउंटरशाफ्ट थांबवतोय. वजनाचं कास्टिंग कोल्हापूरला उद्यमनगरातून करून घेईन. पॅटर्न (ओतकामाचा साचा ज्यावरून करतात तो नमुना) सागाचा की एमडीएफचा, यावर अजून ठरत नाही. कुणी पोर्टरचं वजन दोन अर्ध्या भागांत करून बोल्टनं जोडलेलं पाहिलं असेल तर मापं सांगा. दांडी न काढता बसवता आलं तर बरंच काम वाचेल.