सपोर्ट गनचा ट्रिगर जळू नये म्हणून मॉसफेट कसं निवडायचं

लातूर-नांदेडकडून इंग्लंडला नोकरीला किंवा शिकायला आलेल्या पोरांना एअरसॉफ्टची ओळख बहुतेक ऑफिसातल्या नाहीतर कॉलेजातल्या मित्रांकडून होते. ६ मिलिमीटरची प्लास्टिकची गोळी, बॅटरीवर चालणारी गन आणि गावाबाहेरचं झाडीतलं मैदान. गनमधली मोटर गिअर फिरवते, गिअर पिस्टन मागं ओढतात, स्प्रिंग सुटली की हवेच्या दाबानं गोळी बाहेर पडते. इथल्या २०१७ च्या कायद्यानं सलग फायर करणाऱ्या गनला १.३ ज्यूलची मर्यादा घातली आहे. बऱ्याच मैदानांवर ०.२० ग्रॅमच्या गोळीला सेकंदाला ३५० फूट हा नियम असतो, म्हणजे साधारण १.१४ ज्यूल.

या खेळात सपोर्ट गनवाल्याचं काम वेगळं. एम २४९ किंवा पीकेएमसारखी वजनदार गन, खाली अडीच हजार गोळ्यांचा बॉक्स, आणि समोरच्याला डोकं वर काढू न देणं. बाकीचे खेळाडू एकेक गोळी झाडतात, हा पाच-दहा सेकंद ट्रिगर दाबून धरतो. म्हणून साध्या रायफलला चाललेलं मॉसफेट, म्हणजे मोटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, इथं टिकेलच असं नाही, आणि दुकानात सगळ्यात महाग ते सपोर्ट गनला सगळ्यात चांगलं असंही नाही.

मूळ अडचण ट्रिगरच्या पॉइंटमध्ये, म्हणजे दाबल्यावर एकमेकांना टेकणाऱ्या धातूच्या टोकांमध्ये आहे. मोटर सुरू होताना क्षणभर जबर करंट ओढते. वाइंडिंग, वायर आणि बॅटरीचा रेझिस्टन्स मिळून ०.१५ ओहम धरला तर ११.१ व्होल्टवर ७४ अँपिअर होतात. मोटर वेगात आल्यावर हा आकडा २० च्या आसपास येतो. हा सगळा करंट ट्रिगरच्या पॉइंटमधून गेला की ट्रिगर सोडताना तिथं ठिणगी पडते, पॉइंट काळे पडतात, मग खड्डे पडतात आणि एक दिवस चिकटून बसतात. पॉइंटच्या जागी मायक्रोस्विच असेल तर त्यावर १६ अँपिअर छापलेलं असतं ते २५० व्होल्ट एसीसाठी. डीसीवर, त्यातही मोटरच्या लोडवर, त्या आकड्यावर भरवसा ठेवू नये. ज्यांच्या शेतात बोअरची मोटर आहे त्यांना हे जास्त सांगायला नको: स्टार्टरच्या हिरव्या बटणातून मोटरचा करंट जात नाही, तो काँटॅक्टरमधून जातो, बटण फक्त कॉइलला हुकूम देतं. गनमध्ये काँटॅक्टरचं काम मॉसफेट करतं. ट्रिगरकडून फक्त काही मिलीअँपिअर जातात.

बाजारात दोन प्रकार मिळतात. एक साधं मॉसफेट: ट्रिगर दाबला की चालू, सोडला की बंद. दुसरं प्रोसेसर असलेलं, त्यात तीन गोळ्यांचा बर्स्ट, प्री-कॉकिंग (स्प्रिंग आधीच दाबून ठेवणं), ॲक्टिव्ह ब्रेक, गिअरचा सेन्सर असं बरंच काही. दुसऱ्या प्रकारातली बरीच युनिट व्ही २ किंवा व्ही ३ या ठरलेल्या मापांच्या गिअरबॉक्सच्या आत बसायला बनवलेली असतात. पुष्कळ सपोर्ट गनमध्ये गिअरबॉक्स वेगळ्या मापाचा असतो आणि ट्रिगर त्यापासून लांब, वायरीनं जोडलेला. तिथं ते बसतच नाही. प्री-कॉकिंगचा फायदा पहिली गोळी झटकन निघण्यात आहे. सलग मारा करणाऱ्याला त्याचं काय? ॲक्टिव्ह ब्रेक मोटरची दोन टोकं आपसात जोडून तिला जागच्या जागी थांबवतो. त्यानं मोटर तापते आणि ब्रश लवकर झिजतात. सपोर्ट गनमध्ये शेवटी एखादी गोळी जास्त गेली तरी बिघडत नाही, त्यामुळं ब्रेक असलाच तर बंद ठेवावा. एकच सोय खरंच कामाची आहे: बॅटरी उतरल्यावर गन थांबवणं. सपोर्ट गनवाला लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी तळापर्यंत पिळतो, आणि सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की खराब होतो. ही सोय नसेल तर बॅटरीच्या बॅलन्स प्लगला, म्हणजे प्रत्येक सेलची वायर असलेल्या छोट्या प्लगला लावायचा अलार्म घ्यावा आणि सेलमागं ३.३ व्होल्टवर सेट करावा.

आमचं मत स्पष्ट आहे: साधं, मजबूत, थंड राहणारं मॉसफेट घ्या.

थंड राहतं की नाही हे हिशोबानं कळतं. उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स. आयआरएलबी ३०३४ या मॉसफेटचा रेझिस्टन्स गेटला (मॉसफेट उघडून करंट जाऊ देणाऱ्या पायाला) ४.५ व्होल्ट मिळाले की जास्तीत जास्त २ मिलीओहम. २० अँपिअरवर ०.८ वॅट झाले. या आकाराचं मॉसफेट हीटसिंकशिवाय (उष्णता पसरवणाऱ्या पत्र्याशिवाय) दर वॅटला सुमारे ६२ अंश तापतं, म्हणजे वाढ ५० अंश, तीही न थांबता फायर चालू राहिला तर. इकडच्या १५ अंशांच्या हवेत ते ६५ ला पोचेल. परभणीच्या मे महिन्यातल्या ४३ अंशांत ९३ ला पोचलं असतं, आणि तरी त्याच्या १७५ च्या मर्यादेपासून लांबच. आता १० मिलीओहमचं स्वस्त मॉसफेट घ्या: ४ वॅट, अडीचशे अंशांची वाढ. साध्या रायफलमध्ये छोट्या बर्स्टवर ते वर्षभर चालेल, इथं पहिल्याच मोठ्या लढाईत जाईल.

नंबर बघताना तिसरं अक्षर बघा. आयआरएल म्हणजे लॉजिक लेव्हल, ४.५ व्होल्टलाच पूर्ण उघडणारं. आयआरएफला साधारण १० व्होल्ट लागतात. ७.४ व्होल्टची बॅटरी लोडखाली ६ वर आली की ते अर्धवट उघडं राहतं आणि तापून मरतं. आणखी निश्चिंती हवी तर दोन मॉसफेट पॅरलल जोडा. करंट निम्मा-निम्मा वाटला की प्रत्येकाची उष्णता चौथाईवर येते. मात्र गेटचा रेझिस्टर दोघांना वेगवेगळा द्यायचा.

वायरकडं मात्र लोक बघतच नाहीत. सपोर्ट गनमध्ये बॅटरी एका टोकाला आणि मोटर दुसऱ्या. जाऊन-येऊन सव्वा मीटर वायर सहज होते. १८ गेजची वायर मीटरला २१ मिलीओहम, १६ गेजची १३. म्हणजे २ ऐवजी १ मिलीओहमच्या मॉसफेटसाठी दुप्पट पैसे मोजून जुनी बारीक वायर ठेवणं वाया आहे. १६ गेज म्हणजे घरातल्या दीड स्क्वेअर एमएमच्या जरा खाली. सिलिकॉनची घ्या, ती वाकते आणि सोल्डर करताना वितळत नाही. बॅटरीचा टामिया कनेक्टर काढून डीन्स किंवा एक्सटी ६० कनेक्टर लावा. बॅटरीच्या प्लसजवळ ३० अँपिअरचा गाडीतला ब्लेड फ्यूज बसवा. सुरुवातीचा झटका क्षणिक असल्यानं तो उडत नाही, शॉर्ट झाला तर उडतो.

वाळूज-चिकलठाण्याला पॅनेल वायरिंग केलेल्याला जोडणी सोपी जाईल. बॅटरीचा प्लस सरळ मोटरच्या प्लसला. मोटरचा मायनस ड्रेनला, बॅटरीचा मायनस सोर्सला (हे मॉसफेटचे बाकीचे दोन पाय). प्लसवरून एक बारीक वायर ट्रिगरला, तिथून १०० ओहममधून गेटला. गेट आणि सोर्समध्ये १० किलोओहम. मोटरच्या दोन टोकांवर शॉटकी डायोड, पट्टीची बाजू प्लसला, आणि तो मोटरला खेटूनच. मोटर बंद होताना जो उलटा झटका देते तो डायोड जिरवतो. डायोड लांब बसवला तर मधल्या वायरीचा झटका मॉसफेटवर येतो, म्हणून ४० व्होल्टच्या खालचं मॉसफेट घेऊच नका. मॉसफेटचा धातूचा पत्रा आतून ड्रेनलाच जोडलेला असतो, त्याला हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) घालूनच गनमध्ये ठेवा. सोल्डरिंगला ६० वॅटचा सोल्डरिंग आयर्न लागतो. २५ वॅटचा आयर्न जाड वायर तापवू शकत नाही आणि जोड कच्चा राहतो.

१० किलोओहमच का? सर्किटच्या बऱ्याच नकाशांत १०० किलोओहम असतो, कोरड्या हवेत तो चालतोही. पण इकडं पाऊस कधीही येतो. ओला चिखल ट्रिगरच्या पॉइंटवर बसला की प्लसकडून गेटकडं थोडा करंट झिरपतो. १०० किलोओहमवर फक्त २० मायक्रोअँपिअर झिरपले तरी गेटवर २ व्होल्ट येतात, आणि वरचं आयआरएलबी ३०३४ हे १ ते २.५ व्होल्टच्या मध्ये उघडायला लागतं. अर्धवट उघडलेलं मॉसफेट सगळ्यात जास्त तापतं. १० किलोओहमवर त्यासाठी दहापट गळती लागेल. ट्रिगर दाबलेला असताना त्यातून सव्वा मिलीअँपिअर जातो, तो काहीच नाही.

पहिली चाचणी मोटर न लावता करा. मोटरच्या जागी गाडीचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब आणि तात्पुरता ५ अँपिअरचा फ्यूज. दाबल्यावर लागला, सोडल्यावर विझला, म्हणजे जमलं. सोडल्यावरही मंद लाल राहिला तर १० किलोओहमचा जोड तपासा. फ्यूज लगेच उडाला तर डायोड उलटा आहे. बॅटरी उलटी लावली तरी फ्यूज उडतो, कारण मॉसफेटच्या आतला डायोड आणि मोटरवरचा डायोड मिळून सरळ रस्ता होतो.

मॉसफेट मरतं तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊन मरतं, हे सपोर्ट गनवाल्यानं कायम लक्षात ठेवायचं. ट्रिगर सोडला तरी गन थांबत नाही, आणि बॉक्समध्ये अजून दोन हजार गोळ्या असतात. फ्यूज इथं कामाला येत नाही, करंट नेहमीचाच असतो. म्हणून बॅटरीचा कनेक्टर स्क्रू न काढता एका हातानं ओढता येईल अशा जागी ठेवा आणि सोबतच्या खेळाडूंना ती जागा दाखवून ठेवा. असं झालं की नळी जमिनीकडं, कनेक्टर बाहेर, मग मल्टिमीटर. गेट आणि सोर्स वायरीनं जोडून डायोड मोडवर ड्रेन-सोर्स मोजा. एका बाजूनं अर्ध्या व्होल्टच्या आसपास आणि दुसऱ्या बाजूनं काहीच नाही, तर मॉसफेट ठीक. दोन्हीकडून बीप वाजला तर ते गेलं. नवं लावण्याआधी मोटरवरचा डायोड तुटलाय का, १० किलोओहमचा जोड सुटलाय का आणि गिअर हातानं मोकळे फिरतात का, एवढं बघा. गिअर अडकत असतील तर मोटर सारखी सुरुवातीचा करंट ओढत राहते आणि नवं मॉसफेटही त्याच वाटेनं जातं.