मंदीच्या महिन्यांत जागेचा एजंट लोकांच्या लक्षात कसा राहतो : माझा अनुभव

जागेचा बाजार थंडावला म्हणून एजंटाचा फोन बंद पडत नाही. फक्त फोनवरचा प्रश्न बदलतो. तेजीत पार्टी विचारते, "बयाना किती द्यायचा?" मंदीत विचारते, "भाव उतरलेत का हो? अजून थांबू का?" या दुसऱ्या प्रश्नाला ज्याच्याकडे खरं उत्तर असतं, त्याचा नंबर लोक जपून ठेवतात. मी छत्रपती संभाजीनगरात बीड बायपास आणि सातारा-देवळाई या पट्ट्यात रिसेल फ्लॅट, रो-हाऊस आणि एनए (बिगरशेती) प्लॉटचं काम करतो. थंड महिन्यांत माझं पहिलं काम म्हणजे हे उत्तर तयार ठेवणं. जाहिरात नंतर.

उत्तर मिळतं ते इंडेक्स टूमध्ये, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या सरकारी गोषवाऱ्यात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची मोफत सोय आहे. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर टाकला की त्या वर्षीच्या दस्तांची यादी येते आणि एकेक इंडेक्स टू उघडून पाहता येतो. एकच गट वेगवेगळ्या दस्तांत वेगवेगळ्या तऱ्हेनं लिहिलेला असतो: कुठे नुसता आकडा, कुठे पोटहिश्श्यासकट, कुठे जुना सर्व्हे नंबर. म्हणून प्रत्येक तऱ्हेनं शोधावं लागतं. एकदाच शोधून "या गटात काही झालंच नाही" असं ठरवलं की भाव चुकलाच म्हणून समजा.

यादी हाती आली की आधी चाळणी लावतो. बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, गहाणखत बाजूला, कारण त्यांत बाजाराचा भाव नसतो. मग एकाच फ्लॅटचं साठेखत (विक्रीआधीचा करार) आणि खरेदीखत दोन्ही दिसतात का ते पाहायचं, नाहीतर एक व्यवहार दोनदा मोजला जातो. प्रत्येक इंडेक्स टूत दोन रकमा असतात. 'मोबदला' ही दस्तात दाखवलेली किंमत आणि 'बाजारभाव' हा रेडी रेकनरनं, म्हणजे सरकारी दरपत्रकानं, निघालेला आकडा. दोन्ही तंतोतंत सारख्या असतील तर तो दस्त मी भाव काढायला वापरत नाही. तिथे रेकनरपुरतीच रक्कम दाखवलेली असण्याची शक्यता मोठी.

क्षेत्रफळात बरेच जण फसतात. दस्तात चौरस मीटर असतात, आपण बोलतो फुटांत. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. समजा ६० चौरस मीटर कार्पेटचा, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेचा, फ्लॅट ३६ लाखांना गेला. कार्पेट झालं साधारण ६४६ फूट आणि भाव फुटाला ५,५७० रुपयांच्या आसपास. हाच फ्लॅट बिल्डरच्या भाषेत, म्हणजे भिंती वगैरे धरून बिल्ट-अप, '८५० फूट' असेल तर भाव ४,२३५ रुपये दिसतो. दोन एजंट दोन आकडे सांगतात, दोघंही खोटं बोलत नसतात आणि पार्टीचा मात्र दोघांवरचाही विश्वास उडतो. म्हणून भाव सांगताना तो कार्पेटवर की बिल्ट-अपवर हे मी आधी सांगतो, आकडा मागाहून. जुन्या इमारतींच्या दस्तांत बिल्ट-अप लिहिलेलं असतं, तेव्हा ते तपासूनच भागाकार करायचा.

हे सगळं एका वहीत उतरवतो, सोसायटीवार: बांधकामाचं वर्ष, लिफ्ट, पार्किंग, मेंटेनन्स, पाणी नळाचं, बोअरचं की टँकरचं, शेवटचे दोन-तीन नोंदलेले व्यवहार. पट्टा लहान ठेवला तरच हे जमतं. सगळं शहर कव्हर करणाऱ्याला कुठल्याच गल्लीचं खात्रीनं सांगता येत नाही.

यातून आठवड्याचा एक मेसेज निघतो. ठरलेला वार, ठरलेली वेळ, सहा-सात ओळी. परिसराचं नाव, दोन बीएचकेचे अलीकडचे नोंदलेले व्यवहार कार्पेटच्या भावासकट, इमारत किती जुनी, पाण्याची स्थिती आणि शेवटी कागदपत्राबद्दल एक कामाची गोष्ट. देणाऱ्या-घेणाऱ्याचं नाव आणि फ्लॅट नंबर कधीच टाकत नाही. दस्त सार्वजनिक असला तरी शेजाऱ्यानं किती पैसे मोजले हे चव्हाट्यावर आणणाऱ्याकडे उद्या कोणी आपलं घर विकायला देणार नाही. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टमध्ये एका यादीत २५६ जण बसतात आणि ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. त्यामुळे भेटीत मी स्वतःच म्हणतो, "सर, नंबर सेव्ह करा, दर आठवड्याला या भागाचे भाव येतील." अनोळखी नंबरांचे गठ्ठे विकत घेऊन मेसेज सोडले तर लोक रिपोर्ट करतात आणि नंबरच बंद पडतो. वर्षानुवर्षं बोर्डावर रंगवलेला नंबर असा गमावणं फार महागात पडतं. बिझनेस ॲपमध्ये मी चार लेबलं ठेवतो: घेणारे, विकणारे, भाड्याचे, आणि वकील-बँकवाले. सणाच्या शुभेच्छांची चित्रं पाठवत नाही, कारण त्या दिवशी प्रत्येकाच्या फोनवर तीच चित्रं असतात.

मराठवाड्यात एजंटानं पावसाळा वाया घालवू नये, असं माझं ठाम मत आहे. जून ते सप्टेंबर साईट व्हिजिट कमी होतात, पण व्हिडिओ काढायला याहून चांगला काळ नाही. आपली जमीन काळी. पाण्यानं फुगते, उन्हात आकसते, भेगा पडतात. प्लॉट घेणाऱ्याला खरं भय दोनच गोष्टींचं: पावसात गाडी घरापर्यंत जाईल का, आणि पायाला किती खोल जावं लागेल. पाऊस थांबल्यावर तासाभरात मी निघतो. मुख्य रस्त्यावरच्या ओळखीच्या खुणेपासून, म्हणजे पेट्रोल पंप, शाळा, मंदिर असं काहीतरी धरून, फोन उभा ठेवून न थांबता प्लॉटपर्यंत चित्रण करतो. कुठे पाणी साचलंय, नाली कुठे संपते, हे सगळं त्यात येतं. प्लॉटवर पोचल्यावर टेप लावून रस्त्याची रुंदी कॅमेऱ्यासमोर मोजतो. ले-आउटमध्ये ९ मीटरचा रस्ता असतो आणि प्रत्यक्षात कुंपणं पुढे सरकलेली असतात. टेपचा आकडा दिसला की वाद उरत नाही. शेजारी कुणाच्या पायाचं खोदकाम चालू असेल तर परवानगी घेऊन तो खड्डा नक्की दाखवतो. वर काळी माती, खाली मुरूम, आणि मुरूम किती फुटांवर लागला ते टेपसकट. घर बांधणाऱ्याला यातून पायाच्या खर्चाचा अंदाज येतो. सगळं मिळून दीड मिनिटाच्या आत. मागे गाणं नको, आपला आवाज पुरतो.

असा व्हिडिओ टाकला की काही मालक रागावतात. त्यांना आधीच सांगून ठेवायचं की चिखल दिसला म्हणून जी पार्टी येणार नाही, ती पहिल्याच पावसात इसार मोडणारी होती. मे महिन्यात दुसरी फेरी होते, बोअरची. मोटर चालू करून पाणी किती वेळ टिकतं ते दाखवायचं. मेमधलं बोअरचं पाणी हा पाण्याचा सगळ्यात खरा पुरावा.

जाहिरातीचा कायदा मात्र मंदीतही तोच राहतो. बांधकाम आणि प्लॉटच्या प्रकल्पांवर नियमन ठेवणारा रेरा कायदा २०१६ चा. नोंदणी आवश्यक असलेल्या प्रकल्पातली जागा विकायला मदत करायची तर एजंटाचीही नोंदणी लागते. महाराष्ट्रात १ जानेवारी २०२४ पासून प्रशिक्षण आणि परीक्षेचं प्रमाणपत्रही लागतं. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा नोंदणी क्रमांक आणि संकेतस्थळ यांच्यासोबत क्यूआर कोडही हवा. इन्स्टाग्रामची रील हीसुद्धा जाहिरातच आहे. एजंटाची नोंदणी ५ वर्षांची असते, तिची मुदत तपासायला निवांत महिना बरा. आणि ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर प्लॉट पाडून विकणारा "आपल्याला रेरा लागत नाही" म्हणाला, तर तो माल मी हातात घेत नाही, दलाली कितीही मिळो.

आता पैसा कधी येतो ते. पुण्या-मुंबईच्या सल्ल्यांत हे सापडत नाही, कारण तिथली खरेदी बहुतेक पगारावर चालते. आपल्याकडे निम्मा बाजार मोंढ्याकडे, म्हणजे शेतमालाच्या बाजाराकडे, पाहून चालतो. सोयाबीनचे पैसे दसरा-दिवाळीच्या सुमारास, मग कापूस, जानेवारीच्या पुढे तूर, आणि उसाची बिलं कारखाना देईल तसतशी. २०२५ च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीसारखं काही झालं की त्या वर्षीचा दिवाळीचा ग्राहक गेलाच म्हणायचा. तेव्हा मी शेतकरी कुटुंबांना जागेबद्दल फोन करत नाही. पीक पाण्यात असताना प्लॉटचा फोन करणारा माणूस लोक विसरत नाहीत, आणि ती आठवण चांगली नसते. अशा वर्षी नोकरदार आणि निवृत्त होणारे यांच्याकडे वळायचं. शाळेच्या दाखल्यावर १ जून जन्मतारीख असलेली एक मोठी पिढी आहे आणि असे कर्मचारी ३१ मे रोजी निवृत्त होतात. ग्रॅच्युइटी, पेन्शनची विक्री (पेन्शनच्या काही भागाची एकरकमी रक्कम), भविष्य निर्वाह निधी यांचे पैसे पुढच्या काही महिन्यांत हातात येतात. सरांचा किंवा बाईंचा निर्णय त्याच्या बऱ्याच आधी, घरात बोलून ठरत असतो, म्हणून त्यांच्यापर्यंत भावाची माहिती हिवाळ्यातच पोचायला हवी. अधिक महिनाही ध्यानात ठेवायचा, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून. अशा महिन्यात रजिस्ट्री फार होत नाहीत, पण जागा पाहून ठेवणं आणि कागद तपासणं कोणी थांबवत नाही.

कागद तपासण्याचं काम मंदीत मनापासून करावं, कारण तेजीत त्याला वेळच मिळत नाही. सात-बारा, आठ-अ, फेरफारांची साखळी, एनए आदेश, मंजूर ले-आउट, मालमत्ता कराची पावती, लाईट बिल. एवढं तर कोणीही गोळा करतो. मराठवाड्यातलं वेगळेपण निजामाच्या काळातल्या नोंदींत आहे. सात-बाऱ्याच्या 'इतर अधिकार' रकान्यात कुळाचं नाव आहे का, जमीन मदतमाश, खिदमतमाश किंवा देवस्थान इनामातली होती का, वक्फची नोंद आहे का, भोगवटादार वर्ग २ (परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) आहे का. कूळ असेल तर इथे १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट कायदा लागू होतो. पुण्याकडच्या वकिलाला विचारून चालत नाही. १९५४-५५ चं खासरा पत्रक, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदींचा कागद, काढून पाहावं लागतं आणि जुने कागद उर्दूत असतील तर जाणकाराकडून वाचून घ्यावे लागतात. यातलं काहीही निघालं तर मालकाला स्पष्ट सांगायचं की आधी वकिलाकडून याचा उलगडा आणि लागेल ती परवानगी, विक्रीचं नंतर बोलू. गुंठेवारीतलं, म्हणजे मंजूर ले-आउटशिवाय गुंठ्यांनी पाडलेल्या प्लॉटवरचं, घर असेल तर नियमितीकरणाचं प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय बँक कर्ज देईल असं पार्टीला सांगू नये. मालकी हक्काच्या तपासणीचा अंतिम सर्च रिपोर्ट वकिलाचाच. एजंटाची तपासणी म्हणजे पार्टीला वकिलापर्यंत नेण्याआधीची चाळणी.

या काळात एक मोह फार होतो, कारखान्याच्या बातमीवर प्लॉट विकण्याचा. टोयोटा किर्लोस्करनं ऑरिक या शहराजवळच्या औद्योगिक नगरीत सुमारे २० हजार कोटींच्या प्रकल्पासाठी २०२४ मध्ये राज्य सरकारशी करार केला, ही खरी गोष्ट. पण करार, बांधकाम, भरती आणि त्या कामगारांनी घर घेणं यांत वर्षं जातात. ऑरिकलगतच्या बिडकीनच्या प्लॉटवर "दोन वर्षांत दुप्पट" असं लिहून पाठवणाऱ्याचा मेसेज तारखेसकट लोकांच्या फोनमध्ये तसाच राहतो.

भाड्याच्या कामाला कमी लेखू नये. दलाली थोडी, पण दर महिन्याला नवी माणसं भेटतात आणि आजचा भाडेकरू काही वर्षांनी घर घेतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, अकरा महिन्यांचा असला तरीही. ऑनलाईन नोंदणी घरी बसून होते. वाळूज, चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींतल्या कामगारांना पहिली पाळी सुटल्यावर जागा दाखवायची, दुपारी एक वाजता फोन करायचा नाही.

बोर्डाबाबत थोडकंच. फ्लेक्सचा रंग आपल्या उन्हात एका उन्हाळ्यात उडतो, म्हणून लोखंडी पत्र्यावर रंगवलेला बोर्ड बरा. चार शब्द आणि मोबाईल नंबर, दुचाकीवरून जाताना वाचता येईल एवढा. मालकाच्या लेखी संमतीनं त्याच्याच हद्दीत लावायचा, विजेच्या खांबावर नाही. आणि विक्री झाली की त्याच आठवड्यात काढायचा, कारण विकलेल्या प्लॉटवरचा बोर्ड रोज चुकीचे फोन आणतो.

विकणाऱ्यांशी संपर्क ठेवणं हे मात्र सगळ्यात दुर्लक्षित काम. मंदीत तोच फ्लॅट दहा एजंट दहा भावांनी फिरवतात आणि महिन्या-दोन महिन्यांत पार्टी म्हणते, "तो तर कधीपासून पडून आहे, काहीतरी भानगड असणार." म्हणून मी मालकाकडून तीन महिन्यांचं लेखी संमतीपत्र घेतो. त्यात अपेक्षित किंमत, किमान किंमत आणि दलालीची टक्केवारी असते. बदल्यात दर पंधरा दिवसांनी त्यांना हिशोब पाठवतो: किती फोन आले, किती जणांनी पाहिला, प्रत्येकानं नाकारताना काय कारण दिलं, त्या काळात जवळपास कुठला फ्लॅट किती भावानं नोंदला गेला. "लोकांना महाग वाटतोय" असं मोघम लिहीत नाही. "पार्किंग उघडं आहे म्हणून दोघांनी नाकारला, शेजारच्या इमारतीत झाकलेल्या पार्किंगसह याच क्षेत्रफळाचा व्यवहार इतक्याला झाला" असं लिहितो. मालक बाहेरगावी, मुलाकडे पुण्यात राहत असतील तर हा कागद मुलालाही पाठवतो, कारण अशा घरांत किंमत कमी करण्याचा निर्णय बहुतेक वेळा तोच घेतो आणि फोनही शेवटी त्याचाच येतो.