घराण्यातला आजार आणि पुढच्या पिढीचे व्यसन

ज्या घरात कोणाला स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रमांचा गंभीर मानसिक आजार, झालेला असतो, त्या घरातली माणसे पुढच्या पिढीच्या व्यसनाकडे शेजाऱ्यांच्या नजरेने पाहू शकत नाहीत. शेजारचा मुलगा पिऊन आला तर त्याची आई चिडते, दोन दिवस बोलत नाही आणि विषय संपतो. आमच्याकडे सुट्टीला आलेला पुतण्या रात्री उशिरा परतला की वहिनी त्याचे डोळे पाहते, तो खोलीत एकटाच बोलत नाही ना याची चाहूल घेते आणि सकाळी मला फोन करते. आमच्या काकांना हा आजार तरुणपणी जडला. थोरल्या भावाला दारू लागली आहे, आणि त्याचा मुलगा बेंगळुरात शिकत असताना गांजा ओढतो, हे आम्हाला त्याच्या धाकट्या बहिणीकडून कळले.

या भीतीला निश्चित आकार यावा म्हणून मी काकांच्या धारवाडच्या डॉक्टरांना सरळ आकडे विचारले. सर्वसाधारण समाजात आयुष्यभरात शंभरात सुमारे एकाला स्किझोफ्रेनिया होतो. आई, वडील किंवा सख्खे भावंड आजारी असेल तर हे प्रमाण शंभरात दहाच्या आसपास जाते, आणि नाते जसजसे दूरचे होते तसतसे ते झपाट्याने उतरते. पुतण्याला काका हे चुलत आजोबा लागतात, त्यामुळे त्याच्या वाट्याला आलेला धोका वहिनीच्या मनातल्या धोक्यापेक्षा पुष्कळच लहान आहे. हे ऐकून वहिनीला पहिल्यांदाच नीट झोप लागली असावी.

गांजाने मात्र हे गणित बदलते. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या वेळी तपासलेल्या पंचेचाळीस हजारांवर तरुणांचा पंधरा वर्षे मागोवा घेऊन १९८७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात भरतीपूर्वीच पन्नासहून अधिक वेळा गांजा ओढलेल्यांमध्ये स्किझोफ्रेनियाचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सुमारे सहा पट आढळले. ज्यांच्यात आजाराकडे कल असतो तेच गांजाकडेही अधिक वळतात, अशी शंका तेव्हापासून घेतली जाते आणि तिच्यात काही तथ्यही आहे. तरीही पुढच्या अभ्यासांतून हा संबंध पुसला गेलेला नाही. ओढायला सुरुवात जितक्या कोवळ्या वयात, माल जितका कडक आणि ओढणे जितके रोजचे, तितका धोका अधिक. गांजाने भ्रम होऊन दवाखान्यात आलेल्यांपैकी जवळपास एक तृतीयांश लोकांना पुढे स्किझोफ्रेनियाचे निदान होते, म्हणून ‘नशा उतरली, आता बरा आहे’ एवढ्यावर अशा माणसाला सोडून देता येत नाही. शिवरात्रीच्या भांगेचेही तेच. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने भांगेची पाने गांजाच्या व्याख्येतून वगळली असली, तरी नशा आणणारे द्रव्य त्यांतही असते.

पुतण्याला यातले काहीच ठाऊक नव्हते, कारण आमच्या घरातल्या सर्व मुलांना ‘लहानपणी ताप डोक्यात गेला’ एवढीच काकांची कहाणी सांगितलेली आहे. आमच्या सोयरिकी खानापूर, चंदगड, गडहिंग्लज या पट्ट्यात होतात, आणि या पट्ट्यात घाटापलीकडची बातमी मोटारीच्या आधी पोहोचते. घरात वेड आहे असे कळले की मुलींची स्थळे परत जातात, या धास्तीने आजीने तापाची गोष्ट रचली आणि पुढच्यांनी ती निष्ठेने जपली. मला त्या पिढीचा राग येत नाही. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग क्वचितच होता. परंतु या गोष्टीची किंमत कोण मोजतो, तर वसतिगृहाच्या गच्चीवर मित्राने पुढे केलेली चिलीम घ्यावी की नको हे ठरवणारा अठरा वर्षांचा मुलगा. मधुमेह घराण्यात आहे, साखर जपून खा, असे आपण मुलांना जेवताना सहज सांगतो, आणि ज्या आजारात आधी कळण्याचा खरोखर उपयोग आहे तोच तेवढा झाकून ठेवतो.

भावाच्या दारूची चिंता वेगळ्या जातीची आहे. कर्नाटकात २००७ साली साराय, म्हणजे स्वस्त देशी दारू, बंद झाली, तरी गोवा चोर्ला घाटाच्या पलीकडेच असल्यामुळे आमच्या भागात स्वस्त बाटलीची वाण कधी पडली नाही. दारूच्या व्यसनाच्या धोक्यातही निम्म्याच्या आसपास वाटा आनुवंशिकतेचा मानला जातो. गेल्या वर्षी भावाने कोणालाही न विचारता एकाएकी पिणे बंद केले. दोन-तीन दिवसांत त्याचे हात कापू लागले, तो घामाने भिजला आणि भिंतीवर किडे दिसतात असे म्हणू लागला. घरातल्या प्रत्येकाच्या मनात एकच विचार आला, की काकांचाच आजार आता याच्यात उतरला. नात्यातल्या एकाने तर बाहेरचे झाले म्हणून सौंदत्तीला यल्लम्माच्या देवळात नेण्याचे सुचवले. वास्तविक रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबल्यावर होणारी ती अवस्था होती, जी जीवघेणी ठरू शकते आणि जिच्यावर रुग्णालयातच उपचार करावे लागतात. ज्या घरात वेडाची भीती आधीच मुक्कामाला असते, तिथे अशी चूक इतर घरांपेक्षा लवकर होते.

वहिनीला कोणीतरी जेवणात मिसळायची पूड सुचवली होती. ‘न सांगता दारू सोडवा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या औषधांत कधी डायसल्फिराम असते, आणि ते पोटात असताना माणूस प्यायला तर उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब कोसळणे असे काहीही होऊ शकते. शिवाय हे औषध भ्रमाचा आजार बळावू शकते, म्हणजे आमच्यासारख्या घरात ते चोरून देणे दुप्पट धोक्याचे. धरून नेऊन डांबणाऱ्या केंद्रांविषयीही मला तितकीच धास्ती वाटते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या अतिसेवनाशी निगडित मानसिक अवस्थांनाही मानसिक आजारांत धरले आहे, तेव्हा तिथे दाखल झालेल्या माणसालाही रुग्णाचे सर्व हक्क आहेत.

काकांच्या विडीबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण निपाणीच्या तंबाखूच्या मुलखात विडीला व्यसन म्हणायला कोणी तयार नसते. काका क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचे औषध घेतात. धुरातल्या घटकांमुळे यकृत हे औषध वेगाने निकामी करते, त्यामुळे विडी ओढणाऱ्याला मात्रा अधिक लागते, आणि त्याने विडी एकदम सोडली तर त्याच गोळ्यांचे रक्तातले प्रमाण चढून गुंगी आणि झटक्यांचा धोका वाढतो. हे काम धुराचे असल्याने तंबाखू चघळणाऱ्याच्या बाबतीत तसे घडत नाही. काकांनी विडी सोडली तर डॉक्टरांना आधी कळवा, असे आम्हाला सांगून ठेवले आहे. घरात मात्र सगळे त्यांना रोज विडी सोडा म्हणतात.

पुतण्याला मी आणि वहिनीने काकांचा खरा आजार सांगितला. आजोबाही गांजा ओढत होते का, हा त्याचा पहिला प्रश्न होता. ते विडीपलीकडे कशालाही शिवले नव्हते, हे मी त्याला सांगितले, कारण गांजा सोडला म्हणजे सुटलो असाही त्याचा समज व्हायला नको. त्याने लगेच कसलेही वचन दिले नाही. घरात बोलायचे नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलता येते, तेही त्याला सांगून ठेवले आहे. आकडे मात्र डॉक्टरांच्या तोंडून ऐकायचे आहेत असे तो म्हणाला, म्हणून काकांच्या पुढच्या तपासणीला तो आमच्याबरोबर धारवाडला येणार आहे, आणि त्याच गाडीत भावालाही बसवता येईल का याचा विचार वहिनी करते आहे.