शिल्लक आतडं

पोट मऊ आणि वेदना मरणाच्या, अशी जोडी दिसली की सर्जनने धास्तावायला हवं. हे आम्ही विद्यार्थ्यांना दर वर्षी घोकून घोकून सांगतो, आणि तरीही असा पेशंट 'गॅसेस' म्हणून दोन दारं फिरूनच आमच्यापर्यंत येतो. ही बाईसुद्धा तशीच आली. चाळिशीच्या आतली, बीडकडची, ऊसतोडीला आलेली. आदल्या संध्याकाळी फडातून कोपीवर परतली आणि बेंबीभोवती कळ सुरू झाली. उलट्या झाल्या, जुलाब झाले. एकानं पित्ताचं इंजेक्शन दिलं, सकाळी दुसऱ्यानं सलाईन लावलं. आमच्या कॅज्युअल्टीत ती गडाबडा लोळत होती आणि पोटाला हात लावला तर कुठेही ताठरपणा नाही.

इंटर्न मुलीनं तिचं मनगट मिनिटभर धरून ठेवलं. "सर, ठोके कसेही पडताहेत." मॉनिटरवर आकडा दिसत असताना नाडी धरणारी मुलं आता फार कमी उरली आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितो. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन होतं, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात, आत रक्त साचतं आणि गुठळी बनते. नवऱ्यानं पिशवीतून जुने कागद काढले: लहानपणी सांधेदुखीचा ताप, त्यातून अरुंद झालेली हृदयाची झडप आणि रक्त पातळ ठेवायची गोळी. तोडीचा हंगाम सुरू झाल्यापासून गोळी बंद. त्या गोळीला अधूनमधून आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारी, रक्ततपासणी लागते. तपासणी शहराच्या ठिकाणी, तिथे जायचं तर दिवस बुडणार आणि खाडा पडणार. कोयत्यामागे, म्हणजे तोडीच्या जोडीमागे, आगाऊ उचल घेतलेल्या माणसाला खाडा परवडत नाही.

हृदयात बसलेली गुठळी सुटली की बहुधा मेंदूकडे जाते, कधी पायाकडे. हिची गेली आतड्याकडे. महाधमनीतून निघणारी एक मोठी रोहिणी (धमनी) जवळजवळ सगळं लहान आतडं आणि मोठ्या आतड्याचा पहिला अर्धा भाग पोसते. ती बंद झाली की सहाएक तासांत आतडं मरायला लागतं. मेलेलं आतडं पोटाच्या अस्तराला डिवचेपर्यंत पोट मऊच राहतं, आणि तोवर वेळ निघून गेलेली असते. आमच्याकडे त्यातही किडनीच्या कामाचा, म्हणजे क्रिएटिनिनचा, रिपोर्ट आल्याशिवाय कॉन्ट्रास्टचा (शिरेतून औषध देऊन रक्तवाहिन्या दाखवणारा) सीटी होत नाही. नियम किडनीच्या काळजीपोटी केलेला आहे, हे मान्य. पण इथे आतडं मिनिटामिनिटाला मरतंय हे खिडकीपलीकडच्या माणसाला पटवण्यात जो वेळ गेला, त्याचा राग अजून उतरलेला नाही.

पोट उघडलं तेव्हा वास आला नाही, म्हणजे भोक पडलेलं नव्हतं. मी आतडं हातात घेऊन सुरुवातीपासून चालवत गेलो. जेजुनमचा, म्हणजे लहान आतड्याच्या वरच्या टप्प्याचा, पहिला भाग गुलाबी, ओलसर, बोटाच्या स्पर्शानं आकसणारा. पुढे रंग मळकट, मग जांभळा, आणि इलियमचा, म्हणजे खालच्या टप्प्याचा, बहुतेक भाग काळा, निर्जीव. सीकम आणि असेंडिंग कोलनचा खालचा भाग, म्हणजे मोठ्या आतड्याची (कोलनची) सुरुवात, तीही गेलेली. ट्रान्सव्हर्स, म्हणजे त्यापुढचं आडवं, कोलन मात्र शाबूत. गुठळी जिथे अडकली त्याच्या जरा वर पहिल्या जेजुनल शाखा आणि मधल्या कोलनची शाखा फुटतात, म्हणून एवढं वाचलं. ती गुठळी दोन बोटं वर थांबली असती तर मी पोट तसंच शिवून बाहेर आलो असतो.

रोहिणीला आडवा छेद घेतला, फोगार्टी कॅथेटर, म्हणजे टोकाला फुगा असलेली बारीक नळी, आत सरकवला, फुगा फुगवला आणि हलकेच ओढला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून हे साधन वापरात आहे, आणि इतकी साधी कल्पना असूनही ते हातात घेताना मला दर वेळी ते बनवणाऱ्या फोगार्टीबद्दल कृतज्ञता वाटते. करंगळीच्या पेराएवढी गुठळी बाहेर आली, पाठोपाठ लालभडक रक्त. काळा भाग काढला. उरला तो मधला जांभळा पट्टा.

त्या पट्ट्याबद्दलच हे सगळं लिहितोय. गरम सलाईनमध्ये भिजवलेल्या मॉप्समध्ये तो गुंडाळून आम्ही थांबलो. ऍनेस्थेटिस्ट घाई करत होते, त्यांचं बरोबर होतं, बीपी घसरत होतं. मॉप काढला तर रंग थोडा सुधारलेला, कडेच्या बारीक रोहिण्यांत ठोका लागतोय असं वाटत होतं, पण आतडं हलत नव्हतं. माझा सहकारी म्हणाला, "काढून टाका, सुटाल." त्याच्या सल्ल्यातही तथ्य होतं. मी रेशमाचा धागा मेझेंटरीच्या (आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्याच्या) विरुद्ध कडेनं, न ताणता लावला आणि तो फुटपट्टीवर मोजला. नक्की जिवंत ८० सेंटिमीटर, संशयित ४५. मोठं आतडं जोडलेलं राहणार असेल तर साधारण ६० सेंटिमीटर लहान आतड्यावरही माणूस पुढेमागे तोंडानं जेवून जगू शकतो. पण काठावर जगणं वेगळं आणि थोडी शिल्लक बाळगून जगणं वेगळं, त्यातून ही बाई आयुष्यभर शिरेतून अन्न घेऊ शकणारी नव्हती. त्या पिशवीला दिवसाला हजारो रुपये पडतात. मी पट्टा ठेवला, दोन्ही टोकं बंद केली, पोट उघडंच ठेवून त्यावर निर्जंतुक प्लॅस्टिकची पिशवी शिवली. दीड दिवसानं पुन्हा आत गेलो. ३० सेंटिमीटर जगलं होतं, १५ गेलं होतं. ११० सेंटिमीटर जेजुनम उरलेल्या कोलनला जोडलं.

बाहेर नवऱ्याचा एकच प्रश्न: "सायेब, किती आतडं काढलं तिचं?" सगळे हेच विचारतात. मी म्हटलं, "दादा, किती उरलं ते विचारा, आणि कुठलं उरलं तेही विचारा." आपण दोन लिटर पाणी पितो, पण लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस धरून आतड्यात दिवसाला आठ-नऊ लिटर उतरतं. त्यातलं बहुतेक लहान आतडं परत घेतं, उरलेलं मोठं आतडं, म्हणून शौचावाटे जेमतेम शे-दोनशे मिली जातं. अन्नाचा बराचसा भाग जेजुनम शोषून घेतं, पण चरबी पचवणारे पित्तक्षार आणि बी-१२ यांची शोषणाची जागा इलियमच्या शेवटी, आणि तीच गेली. निसटलेले पित्तक्षार कोलनला चाळवतात, म्हणून जुलाब. चरबी नीट पचत नाही, ती कॅल्शियम अडकवते, मग मोकळं राहिलेलं ऑक्झलेट कोलनमधून रक्तात जातं आणि मुतखडे होतात. शेंगदाण्याच्या चटणीवर दिवस काढणाऱ्या बाईला मी शेंगदाणे आणि पालक कमी कर, दही खा, असं सांगत होतो. भात-भाकरी मात्र थोडी थोडी, दिवसातून सहा वेळा खायला सांगितली, कारण न पचलेल्या पिष्टातूनही कोलनमधले जिवाणू तिला थोडी ऊर्जा मिळवून देतात. नुसतं पाणी ढसाढसा न पिता जलसंजीवनी घ्यायची, हे सासूला शेवटपर्यंत पटलं नाही.

आता तिचं वजन हळूहळू वाढतंय, जुलाब चार-पाचवर आलेत. बी-१२ चं इंजेक्शन जन्मभर लागणार. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे चुकवलं तरी आज काही जाणवणार नाही. पाय बधिर होतील तेव्हा ती कुठल्या कोपीवर असेल कोण जाणे. गोळी आणि आयएनआर तर आजपासूनच चुकवून चालणार नाही. नवऱ्यानं पुढच्या हंगामाची उचल घेऊन झालीय. टोळी कुठल्या कारखान्याला जाणार ते मुकादम दसऱ्याच्या सुमारास सांगेल म्हणाला. मुकादमाचा नंबर घेतलाय. तालुका कळला की तिथे आयएनआर कुठे होतो ते आधी शोधून त्याला कळवणार आहे.